तुमच्यातला शूर कोण

गेरास्तिओस महिना, चंद्र चवथीचा

दादानं फुटक्या रांजणाच्या खापऱ्या ओढ्यात धुवून आणल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. म्हणाला, "तोंडानं तर तू बोलत नाहीस, फिले. हातानं तरी बोल." शाईसाठी काजळी आणि डिंक मी आधीच कालवून ठेवलं होतं. म्हणजे आईनं त्याला सांगितलं असणार.

अक्षरं मला येतात. मालकीणबाईंच्या मुलीला, मेगिस्तोला शिकवायला मास्तर यायचा, तेव्हा तिला सोबत म्हणून मला शेजारी बसवायचे. ती घोकायची आणि पाठ माझं व्हायचं. मग एक दिवस मास्तरनं मलाच उभं केलं, म्हण बघू म्हणाला. सगळं येत होतं. पण चार लोक बघायला लागले की माझा घसा असा आवळतो की थुंकीसुद्धा गिळता येत नाही. मालकीणबाई म्हणाल्या, "हिला अक्षरं कशाला? मागावर बसवा." तेव्हापासून माग.

आज दुसरं काही झालं नाही. तायगेतोस डोंगराच्या माथ्यावर अजून बर्फ आहे. शेळी लंगडतेय.

गेरास्तिओस, चंद्र अर्धा

मालकीणबाईंनी दादाला मोठ्या घरी बोलावलं होतं. त्यांचा मुलगा एवदामोस वीस वर्षांचा झाला. जव कापून झाला की तो मोहिमेवर जाणार आणि त्याची ढाल उचलायला दादा जाणार.

गेल्या उन्हाळ्यात दादा मालकांची ढाल घेऊन गेला होता. मालक परत आलेच नाहीत. मेले असते तर बरं झालं असतं, असं मोठ्या घरात कुणी बोलत नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर ते दिसतं. पायलोससमोरच्या बेटावर ते अडकले, उपाशी पडले आणि शेवटी ढाली खाली ठेवून शरण गेले. आता अथेन्सच्या कैदेत आहेत. स्पार्टाचा माणूस शरण जातो, हे आम्ही हेलोतांनी, त्यांची शेतं कसणाऱ्या गुलामांनी, कधी ऐकलं नव्हतं. त्यांनीसुद्धा ऐकलं नसेल. तेव्हापासून मालकीणबाई आमच्याकडे बघताना डोळे बारीक करतात. जणू आम्ही पाठीमागे काहीतरी लपवलंय.

आईला सांगितलं तेव्हा ती दळत होती. थांबली नाही. म्हणाली, "मागच्या वेळी अर्धा आला. आता तेवढाही यायचा नाही."

अर्धा म्हणजे खांदा. दादाचा डावा खांदा कानाच्या वर उचलत नाही, मागच्या बाजूला मोठा व्रण आहे, वाकडातिकडा. लोकांना वाटतं गाडीवरनं पडला. खरं काय ते फक्त मला माहीत आहे, आणि ते इथंसुद्धा लिहायचं की नाही ते ठरत नाहीये.

दुसऱ्या दिवशी

लिहिते. खापरी वाचणार कोण? इथं वाचता येतंय कुणाला.

बेटावर माणसं उपाशी होती तेव्हा हुकूम निघाला होता की जो कुणी खाणं पोचवील त्याला बक्षीस देऊ, हेलोत असेल तर मोकळं करू. दादा गेला होता. कातड्याच्या पिशवीत मधात कालवलेली खसखस आणि कुटलेलं जवस भरायचं, पिशवी दोरीनं कमरेला बांधायची आणि अथेन्सच्या जहाजांच्या पोटाखालून पोहत जायचं. कपारीवर त्याचा खांदा फाटला. परत आल्यावर ताप चढला होता, मी पुसत होते तेव्हा बोलला.

मी विचारलं, "मग तुला मोकळं करायला हवं ना?"

म्हणाला, "मालक तिथं होते, फिले. पिशवी फाडून त्यांनी मधात बोटं घातली. चाटत होते आणि रडत होते. मग मी दिसलो. त्यांनी तोंड फिरवलं. उपाशी माणसाला मी घाबरत नाही. पण त्या तोंड फिरवण्याची मला भीती वाटते. कुणाला सांगू नकोस, मी तिथं होतो म्हणून."

मी शपथ घेतली. आणि मी काही कुणाशी बोलत नाहीच.

गेरास्तिओस, पौर्णिमेच्या अलीकडे

दवंडी आली.

इफोरांचा, म्हणजे स्पार्टाच्या कारभाऱ्यांचा, माणूस घोड्यावरून खळ्यावर आला. सगळ्यांना कामावरनं बोलावलं होतं. आम्हाला वाटलं कुणाला तरी फटके. तो घोड्यावरनं उतरला, हेच आधी नवल. मग म्हणाला, "या युद्धात ज्या हेलोतांनी शौर्य गाजवलं त्यांना स्पार्टा विसरलेली नाही. तुमच्यातला शूर कोण ते तुम्हीच ठरवा. आम्ही नाही ठरवणार, तुम्ही. पौर्णिमा झाली की मी परत येईन, तेव्हा नावं सांगा. निवडलेल्यांच्या डोक्यावर देवाचा हार चढवू, देवळादेवळांतून फिरवू आणि मोकळं करू. बायकापोरांना घेऊन सरहद्दीवर जमीन कसायला जा."

कुणी हललं नाही. तो हसला. दात चांगले होते. "विचार करा," म्हणाला, आणि गेला.

तो वळणाआड गेल्यावर शेजारच्या स्कोपासनं डोक्यावरची, आम्हाला घालावीच लागते ती कुत्र्याच्या कातड्याची टोपी काढली आणि धुळीत टाकली. "घ्या. मी निघालो."

त्याची आई आरेता काकू म्हणाली, "तू काय केलंयस रे युद्धात?"

"मी? पाच जण लोळवले."

"डासांना धरून?"

सगळे हसले. दादासुद्धा हसला. पण तो रस्त्याकडे बघत होता.

गेरास्तिओस, पौर्णिमा

ओढ्यावर धुणं होतं. दुसरा विषयच नाही. कोणाचा भाऊ, कोणाचा नवरा, कुणी काय केलं. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांनीसुद्धा काहीतरी केलं होतं असं आता आठवायला लागलंय.

आई एका दगडावर आपटत होती, एकदम म्हणाली, "माझ्या बापानं तायनारोनच्या देवळात पोसायडनचे पाय धरले होते. खुद्द देवाचे. त्याला ओढून बाहेर काढलं आणि मारलं. मी एवढी होते." तिनं गुडघ्याएवढा हात दाखवला.

"म्हणून तर," आरेता काकू म्हणाली. "त्याच पापानं भूकंप झाला ना? यांची सगळी गावं भुईसपाट झाली, पाचच घरं उभी राहिली म्हणतात. तेव्हापासून देवाला टरकून असतात. आता आपणहून देवाचा हार घालतायत, देवळातनं फिरवतायत. हार घातलेल्या माणसाला हात लावतील? त्यांची छाती आहे का ती?"

स्कोपास धुण्याची टोपली घ्यायला आला होता. म्हणाला, "आणि दर वर्षी नवे इफोर बसले की आपल्याशी युद्ध पुकारतात त्याचं काय? यंदा पण पुकारलंय. आपल्याला मारलं तर पाप लागत नाही त्यांना. सोयच करून ठेवलीय."

"ते काय नवीन आहे? दर वर्षी पुकारतात."

"तेच म्हणतोय मी. दर वर्षी पुकारतात. कंटाळत नाहीत." टोपी त्यानं परत घातली होती. धूळ झटकलेलीसुद्धा नव्हती.

आरेता काकूचं मला पटलं. ज्याच्या डोक्यावर देवाचा हार, तो देवाचा. आईला पटलं नाही, पण आईला काहीच पटत नाही.

दादाला विचारलं, "तू नाव देणार?"

"नाही."

"पण मोकळा झालास तर ढाल उचलायला जावं लागणार नाही. आपण तिघं सरहद्दीवर जाऊ. शेळीपण."

"शेळी लंगडी आहे. चालायची नाही तेवढं." मग म्हणाला, "एवदामोस बरा मुलगा आहे. त्याच्याबरोबर जाईन, परत येईन."

मागच्या वेळीसुद्धा असंच म्हणाला होता. आई तेव्हा दाराशी पडून राहिली होती, दाणा खात नव्हती, मी जबरदस्तीनं पेज पाजायचे. ते पुन्हा मला झेपणार नाही.

गेरास्तिओस, पौर्णिमेनंतर

घाईनं लिहितेय. अक्षर वाईट येईल.

आज खळ्यावर मी बोलले.

नीट सांगते. दवंडीवाला आला, दोन शिपाई सोबत होते. आजूबाजूच्या सगळ्या वस्त्यांवरची माणसं होती. एकेकानं नावं सांगितली. कुणी भाल्याच्या जखमा दाखवल्या, कुणी कुणाला पाठीवर घालून आणलं ते सांगितलं. एक जण बोलायला उभा राहिला आणि रडायलाच लागला, त्यालापण घेतलं. स्कोपास पुढं गेला, पाच जणांचं सांगितलं, पण आपल्याच लोकांनी एवढं हसून घेतलं की दवंडीवाल्यानं त्याला हातानं बाजूला केलं. तो परत आला, कान लाल. राग कुठं तरी काढायचाच होता त्याला. मोठ्यानं म्हणाला, "माझं सोडा. या दामिसला विचारा. हा बेटाच्या वेळी कुठं होता? सामानाखाली. ढाल मालकांची आणि हा ढालीखाली."

लोक हसले. आणि दादा पण हसला, मान खाली घालून, जणू खरंच आहे. ते मला बघवलं नाही.

दवंडीवाल्यानं विचारलं, "बेटावर खाणं घेऊन पोहत गेलेला इथं कुणी आहे का? आम्ही त्यांनाच जास्त शोधतोय. त्यांनी तर सगळ्यांत मोठं काम केलंय."

मग मला माहीत नाही काय झालं. घसा आवळला होता, नेहमीसारखा, पण आवाज त्यातून बाहेर आला. "माझा भाऊ गेला होता."

सगळे वळले. मी पहिल्यांदाच बोलतेय असं काहींना वाटलं असेल. दवंडीवाला जवळ आला, वाकला. आवाज मऊ होता. "कोण तुझा भाऊ, पोरी?"

मी दादाकडे बोट दाखवलं. सगळं सांगितलं. मध, खसखस, जवस, दोरी, कपार. मालक रडले तेवढं नाही सांगितलं. शिपायांनी दादाचा अंगरखा खांद्यावरनं खाली ओढला आणि व्रण पाहिला. दवंडीवाला म्हणाला, "आणि एवढे दिवस गप्प? असा माणूस तर हवाच."

लोक दादाच्या पाठीवर थापा मारायला लागले. स्कोपासनं त्याला मिठी मारली, म्हणाला, "माझ्या तोंडात शेण." आरेता काकूनं माझे गाल धरले. म्हणाली, "वाचा फुटली गं पोरीला, आणि काय वेळेला फुटली."

दादानं माझ्याकडे बघितलं. मी भीत होते की रागावेल. रागावला नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथंच ठेवला, बराच वेळ.

शपथ मोडली खरी. पण चांगल्यासाठी मोडली तर देव रागावत नसेल.

दुसऱ्या दिवशी

आई माझ्याशी बोलत नाही.

गेरास्तिओस, चंद्र उतरणीला

दादा घरातली सगळी कामं उरकतोय. कोयत्याला धार कशी लावायची ते मला दाखवलं. बियाण्याची घेवडी कुठल्या मडक्यात आहे, छपराची कुठली बाजू गळते, शेळी विकायची वेळ आली तर कुणाला विकायची. मी म्हटलं, "हे मला कशाला? जमीन मिळाली की तू आम्हाला न्यायला येणारच आहेस."

"येईपर्यंत लागेल ना."

आई म्हणाली, "पळून जा. डोंगरात जा."

दादा म्हणाला, "निवडलेला पळाला तर घरच्यांना काय करतात ते तुला माहीत आहे." मग हसून म्हणाला, "आणि कदाचित माझंच डोकं वाकडं चालत असेल. एवढे सगळे आनंदात आहेत. सगळेच कसे चुकतील?"

मी तेच म्हणतेय कधीपासून.

मोठ्या घरी लोकर द्यायला गेले तेव्हा मेगिस्तो दारातच होती. तिच्या पोटात काही राहत नाही. म्हणाली, "एवदामोसला निवडलंय. कशासाठी ते सांगायला बंदी आहे, पण निवडलेल्या तरुणांनाच हे काम देतात. नुसता सुरा आणि थोडं खाणं बरोबर. बरेच दिवस घरी येणार नाही म्हणाला." ती खूप खूश होती. म्हणजे दोन्ही घरांतले मुलगे एकाच वेळी निवडले गेले. मी असं म्हटलं तर मेगिस्तो माझ्याकडे विचित्र बघत राहिली.

मला वाटतं मोकळ्या झालेल्या लोकांना सरहद्दीपर्यंत सोबत द्यायला हे तरुण असणार. वाटेत चोर असतात.

मालकीणबाईंनी आतून विचारलं, "कोण आहे?" मेगिस्तो म्हणाली, "फिलिन्ना." त्या बाहेर आल्या. मला वाटलं दादाबद्दल काही बोलतील, कारण मालकांसाठीच तर तो पोहला. त्यांनी लोकर हातात घेतली, उलटी सुलटी केली. "तुझ्या भावानं तिथं काय काय पाहिलं?" असं विचारलं.

मी फक्त मान हलवली, काही नाही म्हणून.

"बरं," म्हणाल्या. लोकर चांगली आहे म्हणाल्या. आजवर कधी म्हणाल्या नव्हत्या.

आर्तामितिओस महिना, चंद्राची पहिली कोर

देवळांचा दिवस झाला. सगळं लिहिते, कारण असा दिवस पुन्हा येणार नाही.

आदल्या दिवशी आम्ही बायकांनीच हार गुंफले. आयव्ही आणि मेंदीची पानं, मध्ये रानफुलं. आई पण बसली होती, पण तिची बोटं चालत नव्हती. तिच्या वाटचे मी केले.

एवढी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. दोन हजार आहेत म्हणत होते. सगळ्या वस्त्यांवरचे शूर, एका जागी. धुतलेले अंगरखे, गळ्यापर्यंत झाकलेले, डोक्यावर हार. कुत्र्याच्या टोप्या नव्हत्या. टोपी नसली की आपली माणसं किती वेगळी दिसतात. बासरीवाले पुढं होते. आधी पितळी देवळातल्या अथेना देवीला, मग ऑर्थिया देवीच्या देवळाला, मग आणखी कुठं कुठं. घरच्या लोकांना ओढ्याच्या अलीकडेच थांबवलं होतं, पण मी आई आणि आरेता काकूबरोबर भिंतीवर चढले आणि सगळं पाहिलं.

स्पार्टाचे लोक दोन्ही बाजूंना उभे होते. ओरडत नव्हते, टाळ्या नाहीत, काही नाही. आमच्याकडून लोक गात होते. तिकडून कुणीच गात नव्हतं. आरेता काकू म्हणाली, "जळतायत मेले."

दादा आमच्या समोरून गेला तेव्हा मी हाक मारली. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. आता मला ते जमतं. त्यानं पाहिलं आणि ओरडला, "फिले, कोयता कुणाला उसना देऊ नकोस." आजूबाजूचे हसले. त्याच्या हारातलं एक फूल कानावर लोंबत होतं, मला ते नीट करायचं होतं.

शेवटच्या देवळात त्यांनी सगळ्यांचे हार उतरवून घेतले. पुजाऱ्यांनी सांगितलं की हार देवाचे, देवाला परत द्यायचे. अंगणात एवढा मोठा ढीग झाला, हिरवागार. वास भिंतीपर्यंत येत होता. मला तो ढीग फार आवडला.

आई मात्र खाली बसली. "हार काढले," म्हणाली. "हार काढले गं." आरेता काकू म्हणाली, "मग काय, घालूनच झोपायचं?" पण त्यानंतर आरेता काकू पण गाणं म्हणत नव्हती.

मग त्यांना लहान लहान टोळ्या करून वेगवेगळ्या वाटांनी नेलं. प्रत्येक टोळीबरोबर काही तरुण मुलं. जमीन दाखवायला, असं कुणीतरी सांगितलं. दादाची टोळी डोंगराच्या बाजूला गेली. तिकडे जमीन बरी आहे, पण दगड फार.

आर्तामितिओस, चंद्र अर्धा

अजून निरोप नाही. जमीन मोजायला वेळ लागतो.

आर्तामितिओस, पौर्णिमा

कुणाच्याच घरी निरोप नाही. नदीपलीकडच्या वस्तीवरची एक बाई सरहद्दीपर्यंत चालत गेली होती. म्हणाली, तिथं नवीन कुणी आलेलं नाही. तिथल्या लोकांनी ऐकलंसुद्धा नाही. ती चुकीच्या सरहद्दीला गेली असणार. स्पार्टाला काय एकच सरहद्द आहे?

मेंढपाळ डोंगराच्या वरच्या कुरणात जायला तयार नाहीत. कुत्री काहीतरी तोंडात धरून आणतात म्हणे. काय ते विचारलं तर स्कोपासनं विषय बदलला. स्कोपास हल्ली गंमत करत नाही. आमचं लाकूड फोडून देतो, पाणी आणून देतो, घरात येत नाही, दारातच ठेवून जातो.

आर्तामितिओस, चंद्र उतरणीला

एवदामोस परत आला.

मोठ्या घरी माग लावायला गेले होते. तो अंगणात हात धूत होता. मेगिस्तो पाणी ओतत होती, घागर संपली तरी त्याचे हात पुढंच. डुकराच्या रक्तातला काळा रस्सा वाढला तर वासानंच उठून गेला. मेगिस्तो म्हणाली, "ताप आहे त्याला, डोंगरात थंडी लागली." मालकीणबाई म्हणाल्या, "ताप नाही. पहिल्यांदा होतं असं. तुझ्या बापालाही झालं होतं." आणि त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. मालकीणबाईंना असं मऊ मी कधी पाहिलं नव्हतं.

मी निघाले तेव्हा तो ओट्याजवळ उभा होता. हळूच म्हणाला, "तू दामिसची बहीण ना?"

मी मान हलवली.

"त्याच्या खांद्यावर मागे व्रण आहे? वाकडा? डावीकडे?"

"हो," मी म्हणाले. मला इतका आनंद झाला. "तुम्ही भेटलात त्याला? कसा आहे?"

 त्यानं कमरेची पिशवी सोडली, त्यात सुकी अंजिरं होती, सगळीच्या सगळी माझ्या ओच्यात ओतली. आणि आत गेला, जवळजवळ पळत.

घरी येऊन आईला सांगितलं की एवदामोसनं दादाला पाहिलंय. अगदी खांद्यावरचा व्रणसुद्धा पाहिलाय, म्हणजे दोघं बरेच दिवस बरोबर असणार, कारण देवळाच्या दिवशी तर सगळे गळ्यापर्यंत झाकलेले होते. आईनं अंजिरं बघितली. उठली, माझ्या ओच्यातून सगळी घेतली आणि ओढ्यात फेकून आली.

मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. गोड होती अंजिरं. एक मी वाटेतच खाल्लं होतं.

दुसऱ्या दिवशी

आईनं केस कापले, पार मुळाशी. मी ओरडले तिच्यावर. जिवंत माणसासाठी कुणी असं करतं का? अपशकुन असतो.

ती म्हणाली, "उकडतंय म्हणून कापले."

आर्तामितिओस महिना अजून संपला नाही. सकाळी अंग काकडतं.

आज ओढ्यावर पाहिलं तर आरेता काकूच्या बहिणीनंही केस कापलेत. आणि पलीकडच्या दोघींनी. बहिणीचा मुलगा पण निवडलेल्यांत होता. मोठ्यानं रडायला बंदी आहे असं कुणीच सांगितलेलं नाही, पण कुणी रडत नाही. धुणं आपटतात फक्त.

फ्लिआसिओस महिना, कापणी सुरू

जव पिवळा झाला. दादाच्या कोयत्यानं मीच कापतेय, हाताला फोड आलेत. मालकीणबाईंना विचारलं की एवदामोसबरोबर ढाल उचलायला आता कोण, म्हणजे दादा मोकळा झालाय तर. त्या म्हणाल्या, "ते नाव इथं घेऊ नकोस." रागावल्या असतील. चांगला माणूस हातचा गेला की राग येतोच.

मी ठरवलंय की तो आला की सगळ्यात आधी विचारीन, शपथ मोडली म्हणून तू रागावलायस का. त्या दिवशी डोक्यावर हात ठेवला होता, पण बोलला काहीच नाही. तेवढं एक विचारायचंय.

फ्लिआसिओस, मळणीचे दिवस

आज पुन्हा दवंडी.

तोच माणूस, तोच घोडा, मागे शिपाई. या वेळी उतरला नाही. म्हणाला, "एक सरदार उत्तरेला मोहिमेवर जातोय. त्याला माणसं हवीत. हेलोतांना ढाल देऊ, भाला देऊ. परत आलात की मोकळे. तुमच्यातले शूर कोण, पुढं या."

खळ्यावर सगळे होते. वाऱ्यानं कोंडा उडत होता. कुणी पुढं आलं नाही.

"कुणीच नाही?"

स्कोपास म्हणाला, "इथं कुणी शूर नाही, मालक. मी तर बकरीला भितो." कुणी हसलं नाही, आणि तो हसवायला बोललाच नव्हता.

मागून एक बाई म्हणाली, "माझा पोरगा अंधार पडला की बाहेर जात नाही." दुसरी म्हणाली, "माझ्याला रक्त बघून घेरी येते." मग सगळ्याच बोलायला लागल्या. एकेक आई आपल्या मुलाला मागे ओढत होती आणि सांगत होती, हा भित्रा आहे, हा रडका आहे, हा कामाचा नाही. मुलं मान खाली घालून उभी. एवढी लाज मी कधी पाहिली नव्हती.

दवंडीवाल्याची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली. "तू," म्हणाला. "मागच्या वेळी तूच बोललीस ना? चांगलं बोललीस. आज सांग. कोण?"

सगळे वळले. मला बोलायचं नव्हतंच काही. पण मी तोंड उघडायच्या आत आरेता काकू मागून आली आणि तिनं तळहात माझ्या तोंडावर दाबला. हाताला लसणाचा वास होता. दुखत होतं. कुणी तिला अडवलं नाही. मी बघितलं, सगळे तिच्या हाताकडेच बघत होते, हात निसटू नये म्हणून.

मग आई पुढं गेली. घोड्याच्या अगदी जवळ. बिनकेसांची ती एवढीशी दिसत होती.

"हिला काही विचारू नका," म्हणाली. "ही मागच्या वेळी खोटं बोलली. माझा पोरगा पोहला नव्हता. सामानाखाली लपून बसला होता. बेट त्यानं लांबूनसुद्धा पाहिलं नाही. सगळ्या मुलखात त्याच्याइतका भित्रा कुणी नव्हता."

तो वरून तिच्याकडे बघत होता. आई हलली नाही. पुन्हा म्हणाली, "भित्रा होता माझा दामिस. विचारा कुणालाही."

"भित्रा होता," स्कोपास म्हणाला. आरेता काकू म्हणाली, "फार भित्रा." मग खळ्यावरचे सगळेच.

दवंडीवाल्यानं लगाम उगाच हातात गुंडाळला, सोडला. मग शिपायांना खूण केली आणि खांदे बघून हवी तेवढी माणसं निवडून नेली. स्कोपासलाही नेलं.

घरी येताना मी आईला म्हटलं, "दादा आला की त्याला हे सांगू नकोस हं. सगळ्यांसमोर तू असं बोललीस कळलं तर वाईट वाटेल त्याला."

आई थांबली. मला वाटलं, रागावणार. तिनं माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.